तांत्रिक मदतीबद्दल आभार

शालिनी हेडाऊच्या नावापुढं डॉक्टर लागलं नाही. माझ्या नावापुढं लागलं. कॉलेजातल्या माझ्या खोलीबाहेर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर ते कोरलेलं आहे. पोरं 'डॉक्टरसाहेब' म्हणतात तेव्हा आताशा मला राग येतो. पोरांचा नाही.

गेल्या महिन्यात विद्यापीठाचं पत्र आलं. पीएच.डी.साठी मार्गदर्शक म्हणून मला मान्यता मिळाली, आता मी विद्यार्थी घेऊ शकतो. सहकाऱ्यांनी संत्रा बर्फी मागितली, मी आणली. सगळे खाऊन गेले आणि मी ते पत्र समोर ठेवून बसलो. मला संशोधनातलं जे काही येतं ते एका बाईनं शिकवलं. तिला अशी मान्यता कोणी दिली नव्हती, उलट तिचं स्वतःचं नाव विद्यापीठानं पीएच.डी.च्या यादीतून खोडलं. हे लिहायला मी त्याच दिवशी बसलो आणि अर्ध्यात सोडून दिलं. आता पुरं करतो आहे.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, तिचे आणि माझे मार्गदर्शक असलेल्या सरांचंही नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तो एक माणूस वाईट होता. एकच माणूस वाईट असता तर फार सोपं झालं असतं.

पहिल्या दिवशी मी विभागात गेलो तेव्हा सर नव्हते. शिपाई म्हणाला, "सर मुंबईले गेले. प्रयोगशाळेत शालिनीताई असन, तिले भेटा." पुढच्या वर्षांत हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं की शिपायाच्या आधी मीच म्हणायला लागलो. सर मुंबईला, सर दिल्लीला, सर मीटिंगमध्ये. ताई प्रयोगशाळेत.

ती बेसिनपाशी उभी राहून प्लास्टिकच्या बाटल्या धूत होती. उंच, काटक बाई. चेहरा उजळ, आणि डोळ्यांभोवतीची पट्टी तेवढी उन्हानं करपलेली. नागपुरात भर दुपारी तोंडाला दुपट्टा बांधून गाडी चालवणाऱ्या बायकांची ती खूणच असते. मी 'मॅडम, तुम्ही' असं काहीतरी सुरू केलं.

"मी काय प्रोफेसर आहो काय? ताई म्हण, अन् तू म्हण. विषय काय तुया?"

मी प्रवेशाच्या मुलाखतीसाठी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. विदर्भातल्या अनेक गावांत पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळं दात व हाडं खराब होतात.

"तुले कोनं सांगतलं?"

"म्हणजे... सगळ्या पेपरांत आहे."

"कोन्या गावचं पानी? कोन्या महिन्यात काढलं? कोनं मोजलं, कायनं मोजलं?"

तिनं हातातली बाटली उपडी करून ठेवली. "मंग तुले माहीत नाई. तुले कोनंतरी सांगतलं. माहीत असनं अन् सांगतलेलं असनं, यात फरक आहे गा."

हे ती कोणालाही विचारायची. वर्तमानपत्र वाचताना, वरिष्ठ प्राध्यापकाचं भाषण ऐकून आल्यावर, एकदा तर स्वतःच्याच जुन्या वहीला. वही उघडून मोठ्यानं म्हणाली, "तुले कोनं सांगतलं वं?" आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी पुन्हा आणून पुन्हा मोजलं. सहा महिने आम्हाला 'संशोधन पद्धती' नावाचा विषय शिकवला गेला. त्याच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळत. त्यात हा प्रश्न नव्हता.

ताई उमरेडची, कोष्ट्यांच्या घरातली. वडील हातमागावर पातळं विणायचे. माग बंद पडला तेव्हा ते एका शाळेवर चौकीदार झाले. ती आईला घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहायची. सकाळी एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि साडेदहाच्या ठोक्याला प्रयोगशाळेत असायची. हाच विषय का घेतला, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "मायी मामेबहीण हसताना तोंडावर पदर धरे. मले वाटे, लाजते. मोठी झाली तवा समजलं, दात तपकिरी होते तिचे. सारं गावच तोंडावर हात ठेवून हसे." एवढंच बोलली आणि मीटर लावायला उठली.

पाण्याचे पहिले नमुने आणायला मी एकटाच गेलो होतो, मे महिन्यात. उमरेडच्या पलीकडच्या एका गावातून बारा बाटल्या भरून, घामानं निथळत, मोठ्या अभिमानानं मी त्या तिच्यापुढं मांडल्या.

"बाटल्या त्याच पान्यानं तीनदा खंगाळल्या?"

"घरून धुऊन नेल्या होत्या."

"बोरिंग किती वेळ हापसलं, पानी घ्यायच्या आधी?"

तिनं बाराही बाटल्या एकामागून एक बेसिनमध्ये ओतल्या. मी पाहत राहिलो. मग असा संतापलो की दार आपटून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ती दुपट्टा बांधून, गाडीची किल्ली घेऊन उभी होती. "चाल. मी दाखवतो म्हनत नाई, तू करजो, मी उभी राह्यतो."

भर उन्हात आम्ही पुन्हा गेलो, मी तिच्या मागं बसून. हातपंपावर ती खरंच फक्त उभी राहिली. मी हापसत होतो आणि ती तिथल्या पोरींशी बोलत होती. त्यातल्या एकीला म्हणाली, "दात दाखव नं. लाजू नको. तुयी चूक नाई, पान्याची चूक आहे." पोरगी आधी हातामागून हसली, मग हात काढला. एखाद्या गावात काम करायला जाणं आणि फक्त नमुने आणायला जाणं यांतला फरक मला कोणत्याही वर्गात कोणी शिकवलेला नाही. तो मी त्या हातपंपावर पाहिला.

तिथूनच तिचं आणि सरांचं बिनसलं, असं मला वाटतं. मोजणी झाली की ती प्रत्येक गावच्या शाळेत एक चिठ्ठी नेऊन द्यायची. कोणत्या बोरिंगचं पाणी प्यायचं, कोणतं फक्त धुण्याभांड्याला, एवढंच साध्या अक्षरात. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. सरांचा आवाज नेहमी मऊ असायचा. मऊ आवाजातच ते म्हणाले, "शालिनी, छापून येण्याआधी डेटा बाहेर जाता कामा नये. हे मूलभूत आहे."

"सर, ते पानी आज पिऊन राह्यले."

"आपण संशोधक आहोत. समाजसेवक नाही."

"मी कुठी समाजसेवा केली सर? मोजलं ते सांगतलं."

सर हसले. आम्हीही हसलो, कारण सर हसले होते. ती चिठ्ठ्या देत राहिली.

दुसऱ्या वर्षी सरांच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या विभागात अशा कामांची एक पद्धतच होती. कोणी सरांचे पाहुणे स्टेशनवरून आणायचे, कोणी बिलाच्या रांगेत उभं राहायचं, कोणी त्यांच्या धाकट्या मुलाच्या शाळेचा प्रकल्प करून द्यायचा. हे काम कोणी सांगत नसे. 'कोणाला वेळ आहे?' असं नुसतं विचारलं जाई. लग्नाच्या आठवड्यात आम्हा सात संशोधकांना वेळ होता. मी पार्किंगला छातीवर बिल्ला लावून उभा. दोघं पाण्याच्या टेबलावर, एक मुलगी अक्षता वाटायला. मनीषनगरच्या बाजूचा मोठा लॉन, कुलगुरूंपासून सगळे येणार.

ताई आली ती ठेवणीतलं जरीकाठी पातळ नेसून. माझ्याजवळ गाडी लावली, पाकीट घेऊन सरळ आत गेली. वधूवरांना भेटली आणि पहिल्याच पंगतीत प्राध्यापकांच्या शेजारी जाऊन बसली. सरांच्या मेहुण्यानं तिला ओळखलं असावं. वाकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही सरांच्या स्टुडंट ना? जरा तिकडं वाढायला माणसं कमी आहेत."

ती आरामात म्हणाली, "मले पत्रिका आली आहे भाऊ. वाढप्याले पत्रिका धाडतेत काय?" आणि भात मागितला.

पाण्याच्या टेबलावरून ही गोष्ट पार्किंगपर्यंत दोन मिनिटांत आली. आम्ही पोट धरून हसलो. त्या सहामाहीत तिच्या प्रगती अहवालावर सरांनी शेरा लिहिला, 'प्रगती समाधानकारक नाही.' त्याच सहा महिन्यांत तिनं चाळीस गावं पुरी केली होती. माझ्या अहवालावर 'उत्तम' होतं. मी तोवर एकही नमुना नीट मोजलेला नव्हता.

आमच्याकडं पीएच.डी. कशी होते हे बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. कागदावर ते फार सुंदर आहे. प्रवेश परीक्षा, मग सहा महिने वर्ग, मग विषयाची मंजुरी. दर सहा महिन्यांनी एक सल्लागार समिती तुमचं काम तपासते, म्हणजे तुम्ही एकट्या गाइडच्या तावडीत राहू नये. पेपर छापायचे, प्रबंध लिहायचा, बाहेरचे दोन परीक्षक तो वाचतात, शेवटी तोंडी परीक्षा. ठरलेल्या वर्षांत हे झालं नाही तर मुदतवाढ मिळते. ज्यानं हे लिहून काढलं त्याला चोराची सगळी दारं माहीत असावीत, इतकं ते चोख आहे.

फक्त प्रत्येक दाराची किल्ली एकाच खिशात आहे. अहवालावर गाइडची सही, शिष्यवृत्तीच्या अर्जावर गाइडची सही, प्रबंध जमा करायला गाइडची सही, मुदतवाढीला गाइडची सही. आणि गाइड बदलायचा असेल तर आधीच्या गाइडची हरकत नसल्याची सही! सासऱ्याच्या परवानगीनं काडीमोड घ्यायचा, तसं.

आणि समिती? ताईच्या एका बैठकीला मी प्रोजेक्टर सांभाळायला होतो. समितीसाठी समोसे आणि चहा, नेहमीप्रमाणे, जिचं काम तपासायचं तिनंच मागवलेले. ताई वीस मिनिटं बोलली. नकाशा दाखवला, उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यानंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडले. एक सदस्य मोबाइल पाहत होते. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मिस हेडाऊ, लग्नाचं काय ठरवलं आहे तुम्ही?"

"त्यानं फ्लोराइड कमी होते काय सर?"

कोणी हसलं नाही. दुसऱ्या सदस्या एक ज्येष्ठ बाई होत्या, विषय जाणणाऱ्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं होतं, प्रश्न असावा. त्या विचारायला सरसावल्या, सरांकडं पाहिलं, आणि वही मिटली. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या विद्यार्थिनीची बैठक होती आणि तिथं सदस्य आमचे सर होते. असं ते सगळं विणलेलं होतं. हा त्याच्या समितीवर, तो ह्याच्या. कोणी कोणाचा धागा ओढायचा नाही. शेरा पुन्हा तोच, समाधानकारक नाही. उरलेले समोसे शिपाई घेऊन गेला.

मला तेव्हा राग आला होता का? खरं सांगायचं तर नाही. मला हायसं वाटलं होतं, की मी तिच्या जागी नाही.

चौथ्या वर्षी पेपर आला. एका चांगल्या मासिकात, विदर्भाच्या गावांतल्या पाण्यावर. सरांनी मला खोलीत बोलावून अंक पुढं सरकवला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. मी तक्ते पाहिले. सगळी गावं मला ओळखीची होती. चाळीसपैकी चारच गावांत मी गेलो होतो, तेही ताईच्या मागं बसून. तिचं नाव मी शोधलं. ते सगळ्यात शेवटी होतं, बारीक अक्षरांत. 'कुमारी शालिनी हेडाऊ यांचे तांत्रिक मदतीबद्दल आभार.'

"तुला प्रबंध जमा करायला छापील पेपर लागेलच," सर मऊ आवाजात म्हणाले. "तिचं काय, तिचं काम अजून कच्चं आहे."

मी 'थँक यू सर' म्हटलं. हे दोन शब्द मी म्हटले, आणि ते मला आजही ऐकू येतात.

अंक ताईपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी बोलायची वाक्यं तयार ठेवली होती. मला माहीत नव्हतं, मला विचारलं नाही, वगैरे. ती नावाबद्दल एक अक्षर बोलली नाही. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे पाय. या गावच्या शाळेमागचं बोरिंग. आकड्यांची अदलाबदल झाली."

खरंच झाली होती. दोन आकडे उलटे छापले गेले होते, आणि धोक्याच्या रेषेच्या दुप्पट असलेलं पाणी कागदावर पिण्याजोगं झालं होतं.

"कोनी हे वाचलं, अन् शाळेच्या पोरायले तेच पानी पाजलं तर?" तिचा आवाज चढला होता. मी तिला इतकी संतापलेली कधीच पाहिली नव्हती. "मी मासिकाले ईमेल केला. ते म्हनते, दुरुस्ती लेखकच मागू शकते. तू लेखक आहेस नं? लिह."

"सरांना विचारून..."

"सरायले मी विचारलं. ते म्हनते, एवढ्या बारीक चुकीनं पेपरची इज्जत जाते. तू लिह."

मी हो म्हटलं. लिहिलं नाही. माझा प्रबंध छपाईला जायचा होता. ताईनं आठवडाभर वाट पाहिली. मग सीताबर्डीच्या बाजारातून लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेतला, एकटी त्या गावी गेली आणि शाळेमागचा हातपंप तिनं स्वतः लाल रंगवून टाकला, हे पाणी पिऊ नये अशी खूण म्हणून. मुख्याध्यापक नको नको म्हणत होते, वरून परवानगी नाही म्हणून. ती रंगवत राहिली. परत आली तेव्हा नखांत लाल रंग होता. तो घालवायला ती बेसिनपाशी बराच वेळ उभी होती आणि प्रयोगशाळेत आम्ही सातजण मान खाली घालून आपापली कामं करत होतो.

दुरुस्तीचं पत्र मी लिहिलं, हेही सांगायला हवं. माझी तोंडी परीक्षा पार पडल्यावर लिहिलं. दुरुस्ती छापून यायला आणखी वर्ष गेलं. कोपऱ्यात, दोन ओळी.

मग तिनं तक्रार केली. विद्यापीठाची तक्रार निवारण समिती असते, तीही कागदावर सुंदर आहे. ताईनं सहा वह्या जोडल्या, तारीख, वेळ, गाव, हापसण्याची मिनिटं, तीन-तीनदा घेतलेली मोजणी, सगळं तिच्या अक्षरात. पेपरमधला प्रत्येक आकडा त्या वह्यांत होता. फक्त उलटा छापलेला तेवढा नव्हता. समितीत तिघं प्राध्यापक. ते सरांच्या ओळखीचे होते की नाही हे विचारण्यात अर्थ नाही. नागपूर एवढं मोठं शहर नाही.

समितीनं मला एक छापील कागद पाठवला. 'सदर नमुने कोणी गोळा केले याबाबत आपणांस असलेली माहिती लिहावी.' खाली चार ओळींची जागा. माझा प्रबंध तेव्हा परीक्षकांकडं गेलेला. घरी आई रोज फोनवर विचारायची, कधी होते रे बाबू तुझं डॉक्टर? मी तो कागद दोन दिवस जवळ ठेवला. मग लिहिलं, 'मला निश्चित माहिती नाही.'

आयुष्यात एकदाच मला एखादी गोष्ट कोणी न सांगता ठाऊक होती, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या हातांनी हापसून. आणि तीच मला माहीत नाही असं मी सहीनिशी लिहून दिलं.

समितीचा निष्कर्ष असा निघाला की, नमुने प्रयोगशाळेच्या सामूहिक प्रयत्नांतून गोळा झाले असून लेखकत्वाचा निर्णय मार्गदर्शकाच्या अधिकारात येतो. तोवर ताईची मुदत संपत आली होती. तिचा प्रबंध तयार होता. मी पाहिला होता, दोनशे चाळीस पानं, नकाशे हातानं तपासलेले. मुदतवाढीच्या अर्जावर सरांची सही हवी होती. सर परदेशी परिषदेला गेले. आल्यावर आजारी पडले. बरे झाल्यावर म्हणाले, प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यासारखं आहे, मी सही करणं योग्य दिसणार नाही. आणि एक दिवस पत्र आलं. 'अपेक्षित प्रगती विहित मुदतीत न दाखविल्यामुळे आपली नोंदणी रद्द करण्यात येत आहे.'

एका ओळीत. सहा वर्षं, चाळीस गावं, सहा वह्या. आणि ज्यांच्यासमोर तिनं बाटल्या धुतल्या त्या आम्हा सातांपैकी पाच आज डॉक्टर आहोत. सातांनाही मोजायला तिनं शिकवलं. आमच्यातल्या कोणालाच प्रबंधाच्या पानावर 'मार्गदर्शक' म्हणून तिचं नाव लिहिता आलं नसतं, तसा नियमच नाही. पण आभाराच्या पानावर तरी किती जणांनी लिहिलं? मी लिहिलं होतं. आई-वडिलांनंतर, टंकलेखन करणाऱ्याच्या आधी.

तिच्या शेवटच्या दिवशी मी जिन्यात उभा होतो. ती वह्यांची पिशवी घेऊन उतरत होती. मी म्हटलं, "ताई..."

"वाचलं मी तुयं लिहिलेलं."

"ताई, माझा व्हायवा..."

"माहीत आहे मले." ती एका पायरीवर थांबली. "मी रागावली नाई असं समजू नको. लय रागावली मी. तुह्यावर जास्त. सर सरायसारखे वागले, तू तुह्यासारखा नाई वागला." मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पन आता मले तुह्यासंग बोलत बसाले टाइम नाई."

त्यानंतर ती कुठं होती ते तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. आईचं आजारपण झालं, आई गेली. गावोगावच्या बायकांना पाणी तपासायला शिकवायचं कंत्राटी काम तिला मिळालं होतं, ते दोन वर्षांनी संपलं. सर सन्मानानं निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांची यादी वाचून दाखवली, मीही टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल माझ्याजवळ काही स्पष्टीकरण नाही.

इथवर लिहून मी थांबलो होतो. मग हा रविवार आला.

दुसऱ्या एका विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेश परीक्षेचं केंद्र आमच्या कॉलेजात होतं आणि पर्यवेक्षक म्हणून माझी नेमणूक. खोलीत चाळीसेक मुलं-मुली, बहुतेक बावीस-तेवीस वर्षांची. उत्तरपत्रिकांवर सह्या करत मी खिडकीकडच्या रांगेत आलो. तिसऱ्या बाकावर कानशिलांवरचे केस पिकलेली एक बाई पेन्सिलीनं गोल भरत होती. हॉल तिकिटावरचं नाव वाचायची गरज नव्हती, तरी मी वाचलं.

"ताई," मी हळू म्हटलं.

"सही करा सर. पेपर चालू आहे."

मी सही केली. तिच्या पुढ्यातला पेपर मला दिसत होता. पहिला भाग, संशोधन पद्धती. 'नमुना म्हणजे काय?' खाली चार पर्याय. योग्य पर्यायाचा गोल काळा करा. ह्या बाईनं हे सांगायचं? आणि कोणाला? वाटलं तो पेपर उचलून टराटरा फाडावा. मी पुढच्या बाकाकडं सरकलो आणि तिथं सही केली.

तिचं अर्ध्या तासात आटोपलं. वेळ संपेपर्यंत कोणी उठायचं नाही असा नियम, म्हणून ती हाताची घडी घालून फळ्याकडं पाहत बसली. घंटा झाल्यावर उत्तरपत्रिका द्यायला टेबलापाशी आली. मला जे बोलायचं होतं ते वेगळंच होतं, पण तोंडातून निघालं, "ताई, मला आता गाइड म्हणून मान्यता आहे. जागा रिकाम्या आहेत. माझ्याकडं..."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "तू मले शिकवशीन?"

टोमणा नव्हता त्यात. एखादं मोजमाप पुन्हा तपासावं तसं तिनं विचारलं. मी समोरचा गठ्ठा सरळ करू लागलो. "मोजून घ्या सर उत्तरपत्रिका," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

मी मोजत होतो तेव्हा खालून गलका ऐकू आला. खिडकीतून पाहिलं. परीक्षेआधी मुलांच्या बॅगा आणि मोबाइल गेटपाशी काढून घेतले होते. ते सगळे एका ढिगात पडलेले, आणि केंद्राचा माणूस खुर्चीत बसून एकेकाला हुडकायला लावत होता. मुली उन्हात ताटकळत होत्या, एक रडकुंडीला आली होती, तिची गाडी चुकत होती. ताई त्या ढिगापाशी उभी होती. तिचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होता.

"पोरी उन्हात उभ्या राह्यल्या, दिसून नाई राह्यलं काय तुमाले? घेताना लाइन लावली, देताना काहून नाई लावत? उठा त्या खुर्चीतून!"

तो माणूस उठला. ती वाकून एकेक बॅग उचलू लागली, चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचू लागली, आणि मुली ओळीनं पुढं यायला लागल्या. माझा माणूस, माझं केंद्र, माझंच कॉलेज. मी खाली जायला हवं होतं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून लाख लावायची होती, मी तो बांधत राहिलो.